नटीचे जोडलेले हात

न विचारता आमच्या वाडीच्या भिंतीला त्याने चुना मारला, म्हणून मी भांडायलाच गेले. वसईच्या टॉकीजचे बोर्ड रंगवणारा पेंटर तो, कानावर ब्रश. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या नटीचा चेहरा त्याने डोळे मिटून काढला आणि हातांपाशी अडला.

"बाय, हिला सून म्हणून रंगवली, वहिनी म्हणून रंगवली, आई म्हणून रंगवली. पन पोस्टरवर हात असायचे ते हिरोचे. जरा तुमचे जोडा ना."

आणि मी मूर्खासारखी अर्धा तास उन्हात हात जोडून उभी! विळ्याने वाकडी झालेली माझी करंगळीसुद्धा त्याने सोडली नाही.

नटी निवडून आली, वसईला पुन्हा फिरकली नाही. आमच्या विहिरींचं पाणी टँकरवाले उपसून नेतात, आणि भिंतीवर तिच्या हसऱ्या चेहऱ्याखाली मी अजून हात जोडून उभी आहे.