वानरानं तोडलेली तार

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, आणि तो गेला. लेकींना सांगितलं नाही. देवापुढंही तोंड उघडलं नाही — त्याला ठाऊक असेल म्हणून नव्हे, चुकून ठाऊक नसेल तर उगाच कशाला, म्हणून. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या आक्कांना ओळखत नाही.

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सासरहून वर्षाच्या आत परत आल्या. का आल्या, हे विचारायचं नाही, असा घरात कायदाच होता. मामंजी, म्हणजे आक्कांचे आप्पा, इथंच पूर्णेला रेल्वेच्या तारखात्यात होते. त्यांनी लेकीला ते कट्ट-कडकट्ट शिकवलं, परीक्षेला बसवलं, सरकारचा परवाना आणला आणि स्वतःच्या हातानं रेडिओ करून दिला. गाण्याचा नव्हे — बोलायचा! बटण दाबलं की आक्कांचा आवाज नागपूरला, हैदराबादला, पार बंगालात. दर रविवारी सकाळी तिकडची मंडळी हवेतच जमायची, एकमेकांची हजेरी घ्यायची. एरवी उंबऱ्याबाहेर पाय न टाकणारी बाई, पण रविवारी तोरा बघावा!

आणि मी? नवी सून. नाकात चमकी, डोक्यात भुस्सा.

तो आवाज जायचा माळवदावरच्या तारेतून. जळक्या मोटारीची तांब्याची तार. मधे प्लॅस्टिकच्या पाइपाचा तुकडा, त्याच्या दोन्हीकडं तारेचे दोन हात ताणून बांबूंना बांधलेले, आणि मधूनच एक वायर खाली रेडिओत. पण आमच्याकडं वानरं. लिंबावरून माळवदावर उतरताना मेली त्या तारेलाच झोके घ्यायची. तार सारखी तुटायची. आक्कांना उंचावर चक्कर यायची, शिडी नुसती धरली तरी देव आठवायचे. मग चढणार कोण? मीच. पदर खोचायचा, पक्कड घ्यायची, निघायचं.

खालून अंगणातून आक्कांचा हुकूम — ‘दोनी बाजू सारख्या ठेव गं सुमे. एक जरी आखूड झाली, तर मला समद्यांचं ऐकू येईल, पर माझं कुणाला जाणार न्हाई.’

म्हणजे बघा. शिकवलं कुणी? त्यांनीच.

आता रागाचं सांगते. राग होताच, खोटं कशाला बोलू? एका रविवारी मी चुलीपुढं होते आणि आतून आक्का त्या यंत्रात म्हणाल्या, ‘हमारी नई भावज रोटी नहीं बनाती, परभणी जिले का नक्शा बनाती है।’ त्या खरखरीतून कुणीतरी म्हातारा खो-खो हसला. मला वाटलं, अख्खा मुलूख हसला! चार म्हातारे असतील सगळे मिळून. पण त्या भुस्साभरल्या पोरीला कोण समजावणार? तिचं तर जणू दिल्लीत नाक कापलं होतं.

म्हणून केलं — असं म्हणून मोकळी होऊ का? नाही होता येत. कारण त्याच आठवड्यात आक्कांनी स्वतःची कोरी साडी मला दिली होती. जांभळी, बारीक काठाची. ती नेसूनच मी शिडी चढले.

तार वानरांनी तोडली होती, ते खरं. जोडताना एका बाजूचा हातभर तुकडा मी पकडीनं कापला. उरलेल्या जागेत सुतळी ओढून बांबूपर्यंत नेली. तुकडा कमरेला खोचला.

‘मोजलीस का गं?’

‘मोजली, आक्का.’

पुढच्या खेपेला आणखी हातभर. त्याच बाजूचा. खालून बघणाऱ्याला काय, तार ती तारच दिसते.

मग रविवार आला. हजेरी सुरू झाली. आक्कांनी आपलं नाव सांगितलं. कुणी बोललं नाही. पुन्हा सांगितलं. तोच हसरा म्हातारा विचारत होता — ‘पूर्णावाली दीदी आज नहीं आयी?’ आक्का बटण दाबून ओरडत होत्या, ‘मैं यहीं हूँ! मैं यहीं हूँ!’ आणि पलीकडून शांतपणे — ‘शायद घर पे नहीं है।’

मी भाकरी थापत होते. हसू आवरेना म्हणून पदर तोंडात कोंबला होता. हे सांगायला लाज वाटते, पण कोंबला होता.

आक्कांनी तारेचा संशय घेतलाच नाही. तार मी बांधली होती ना! त्यांनी रेडिओ उघडला, कथलाचे डाग पुन्हा पुन्हा दिले, बोटं भाजून घेतली. ‘आप्पांनी नीट करून दिलता, म्याच बिघडवला,’ म्हणायच्या. तो म्हातारा लय रविवार विचारत राहिला. मग एका रविवारी हजेरी झाली आणि पूर्णेचं नाव न घेता पुढं सरकली. त्या दिवशी आक्कांनी यंत्रावर टॉवेल टाकला. माझ्या भाकरीला नावं ठेवायचंही सोडलं. तेव्हा मला वाटलं, जिंकले! आता भाकरी गोल होते. बघतंय कोण?

त्या पोरीला मी आजवर भरपूर हसले आहे. येडी, भुस्सावाली, माळवदावरची खरी वानर तीच, असं मनातल्या मनात शंभरदा. तिच्यावर ढकललं की मला हलकं वाटायचं.

यंदा माळवद पाडून स्लॅब टाकला. तार खाली आली. ‘फेकू नको, कपड्याला होईल,’ आक्का म्हणाल्या, आणि गड्यानं ती जशीच्या तशी अंगणात बांधली — मधला पाइपाचा तुकडा, दोन हात, सुतळी, सगळं. इतक्या वर्षांत आक्कांनी ती पहिल्यांदा जवळून पाहिली. धुणं खांद्यावर घेऊन उभ्या राहिल्या. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.

‘सुमे, ही बाजू आखूड दिसायलीय गं.’

सांगायला किती वेळ लागला असता? घरात आम्ही दोघीच होतो. त्या समोर, मी समोर.

‘वानरानं तोडली असंल,’ मी म्हणाले.

हे म्हणायला ती वीस वर्षांची पोर नव्हती तिथं. मीच होते, पिकल्या केसांची.

‘असंल,’ आक्का म्हणाल्या. ‘लय छळलं मेल्यांनी.’ आणि माझी ओली साडी झटकून त्यांनी आखूड बाजूवर वाळत घातली.