बारा गाड्यांचा भगत

सुपडू भगताचा गुडघा खंडेरावाच्या यात्रेत, अख्ख्या गावासमोर गेला. एकामागे एक बांधलेल्या बारा बैलगाड्या, वर खचाखच माणसं, आणि ओढणारा एकटा सुपडू. हा मान त्याच्या घराण्याचा. त्या चैत्रात गुडघ्यात कट्‌कन वाजलं, भगत आडवा झाला आणि गाड्या जागीच राहिल्या. "देवना कोप," म्हणत लोक पांगले. गावाची जीभ मोठी तत्पर. हात मात्र कुणी पुढे केला नाही.

बायको मंजुळाबाई प्लेगात गेलेली, मूलबाळ नाही. यात्रेच्या मानावरच हा माणूस जगत होता. आता दारात कुत्रंही फिरकेना. पाय टाकला की गुडघा निसटायचा. पावसाळा संपल्यावर तो एकटाच धुळ्याच्या दवाखान्यात गेला.

डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "आतला बंध तुटलाय. दोन तऱ्हा आहेत. तुटलेली टोकं रेशमाने शिवली तर गुडघा वाकेल, पण जोर लावलास की उसवेल. मांडीतली चिवट पट्टी काढून हाडातून ओवली तर पाय भक्कम होईल, पण अर्धाच वाकेल. मांडी घालून बसता येणार नाही."

"गाडा काय बठीसन वढतस का, डाक्टर?" सुपडू म्हणाला. "माले भक्कम पाय पाहिजे."

झालं, पट्टी ओवली. पाय प्लास्टरमध्ये घालून तो पडून राहिला. शेजारच्या खाटांवर घरची भाकरी यायची, बायाबापड्या रडायच्या, भांडायच्या. सुपडू भिंतीकडे तोंड करून झोपायचा. त्याला त्या भांडणांचासुद्धा हेवा वाटे.

चैत्र आला. सुपडू काठीशिवाय देवळापर्यंत चालत गेला. लोक बघतच राहिले.

"पहिले गुडघा टेक, आबा," पुजारी म्हणाला. "मंग भंडारा, मंग गाडा."

उंबऱ्यावर दोन्ही गुडघे टेकल्याशिवाय जुवाला हात लावायचा नाही, हे सुपडूला पोरवयापासून ठाऊक होतं. डॉक्टरला मात्र ते सांगायचं सुचलं नव्हतं. श्वास घेतो हे कुणी डॉक्टरला काम म्हणून सांगतं का? त्याने गुडघे टेकायला पाहिलं. पाय अर्ध्यात अडला आणि तो कुशीवर कोसळला.

पंचांनी फार वेळ लावला नाही. भंडारा चुलतभाऊ अभिमनच्या कपाळी लागला. मग मात्र गावाला माया सुटली. "बठ आबा, गाडावर बठ. पाय सांभाळ!" म्हणत चौघांनी त्याला उचलून पहिल्या गाडीत ठेवलं. त्या गाडीत तो जन्मात कधी चढला नव्हता. ताठ पाय आडवा पसरला, तशी माणसं कडेला सरकली.

येळकोट झाला. अभिमनने जोर लावला आणि त्याबरोबर सुपडूची मांडीही आपसूक ताठली. पाय खरंच भक्कम झाला होता. बाराच काय, तेरा गाड्या ओढल्या असत्या. त्याला हुंदका आवरेना, सारं अंग गदगदा हलू लागलं.

गाडीतल्यांना वाटलं, आबाच्या अंगात आलं. त्यांनी लांबूनच हात जोडले.