कोरी फ्लॉपी

आमच्या घरात तोंडाआधी हात चालायचा. वडील गेल्यावर तो वारसा थोरल्या भावाकडे आला, आणि थोडा माझ्याकडेही. धाकटा भाऊ मात्र मार खायचा आणि हसायचा. त्या हसण्यानंच दादाचं डोकं जास्त फिरायचं.

माझं लग्न ठरलं तेव्हा धाकटा पुण्यात जाहिरातींच्या कामाला होता. पत्रिका मीच करणार, म्हणाला. पत्रिकेवर वडिलांच्या जागी आता नाव कोणाचं, यावरून भावकीनं दादाचे कान भरले होते. पुण्याचा साहेब तुला खाली ढकलतो बघ, असं जो तो सांगून जायचा. दादानं फोनवर विचारलं, तर धाकटा हसून म्हणाला, "बघच तू." दादाला ती धमकी वाटली.

धाकट्यानं पत्रिकेची फ्लॉपी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवली. ती घेऊन दादा आणि मी जाफराबादहून जुन्या जालन्यात एका छपाईवाल्याकडे गेलो. त्यानं फ्लॉपी आत सारली. कॉम्प्युटर घरघरला आणि पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं.

"भाऊ, ही तं बिलकुल कोरी हाये," छपाईवाला म्हणाला. "फॉरमॅट मारू का, म्हणून विचारून राह्यली मशीन."

दादानं फ्लॉपी उपसून भिंतीवर फेकली आणि काउंटरवरूनच त्याची कॉलर धरली. "बहिणीच्या लग्नात चेष्टा करून राह्यला काय तो!" राग धाकट्यावरचा, ओठ फुटला छपाईवाल्याचा. मी फ्लॉपी उचलून पर्समध्ये टाकली. दादाला काही टाकून द्यायची मुभा द्यायची नाही, एवढंच तेव्हा मनात होतं. पत्रिका तिथंच नव्यानं जुळवून घेतली, धाकट्याच्या नावाशिवाय.

हळदीच्या दिवशी धाकटा आला. ओट्यावरची पत्रिका त्यानं उलटीपालटी करून बघितली. "माझी कुठंय?" एवढंच त्यानं विचारलं.

दादानं दाराआडचं औताचं रुमणं, धरायचा लाकडी दांडा, काढलं. पहिला तडाखा पाठीवर बसला. दुसरा अडवायला धाकट्यानं हात वर केला, आणि हाड मोडल्याचा आवाज मांडवातल्या बायकांनीही ऐकला. "दादा, कोरी न्हाई रे ती! आमचे कॉम्प्युटर अलग असतात, इकडच्यात उघडत न्हाई!" तो ओरडत होता. दादा मारतच राहिला. मी हळदीच्या अंगानं मधे पडले तर एक माझ्याही खांद्यावर बसला. माझ्या पिवळ्या हातांना धाकट्याचं रक्त लागलं आणि मला दोघांचाही संताप आला. मला वाटलं, हा उगाच कॉम्प्युटरवर ढकलतोय. धाकटा त्याच दिवशी परत गेला. त्याचा हात पुढं कोपरातून कधी सरळ झाला नाही, असं कानावर आलं.

पुढं दादाची मुलगी लग्नाची झाली. तिच्या पत्रिकेसाठी दादा जालन्याला माझ्याकडे आला, तेव्हा एकदाचं खरंखोटं कळू दे, म्हणून मी हट्टानं ती जपून ठेवलेली फ्लॉपी बरोबर घेतली. छपाईवाला तोच होता, दुकानातली मशीन नवी. दादाला बघून तो दोन पावलं मागं सरला. आता असल्या दुसऱ्या जातीच्या कॉम्प्युटरच्या फ्लॉप्या वाचणारं सॉफ्टवेअर त्याच्याकडे होतं. फ्लॉपी उघडली. आधी नुसते चौकोन दिसले. तो एकेक फॉन्ट लावत गेला, आणि एका फॉन्टला अचानक मराठी उमटली.

वडिलांच्या जागी दादाचं नाव होतं, सगळ्यात मोठ्या अक्षरांत. धाकट्याचं कुठंच दिसेना. मग सापडलं. अगदी तळाशी, 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या दादाच्या लेकरांच्या रांगेत, सगळ्यात शेवटी.

मी पायातली चप्पल काढली आणि भर दुकानात दादाला मारत सुटले. थोरल्या भावाला, पाठीवर, तोंडावर, जिथं लागेल तिथं. दादानं हात वर केला नाही. मी दमून थांबले तेव्हा तो छपाईवाल्याला म्हणाला, "पोरीच्या कार्डावर त्याचं नाव वर टाक. माझं खाली टाक, लेकरांत."

तशीच पत्रिका छापली आणि पुण्याला पाठवली. लग्नाच्या दिवशी रस्त्यावर एसटी थांबली की दादा मांडवातून उठून उभा राहायचा. धाकटा आला नाही.