कवायतीच्या मैदानातले बटाटे

कवायतीच्या मैदानात बटाटे लावणारे जनरल मी एकच पाहिले. लोखंडी सबलींनी डांबर उखडून त्यांनी सऱ्या पाडल्या, आणि कवायत बंद पडू नये म्हणून शिपायांना त्या सऱ्यांभोवती चौकोनात फिरवलं. कुणाचा बूट रोपावर पडला की गॅलरीतून गर्जना यायची, "काहून?" 'का रे?' साठीचा हा वऱ्हाडी शब्द ते आमच्याकडून शिकले होते.

आम्ही म्हणजे मी, हिवरखेडचा, आठवीत शाळा सोडलेला, आणि बाळापूरचे सलीमभाई. युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकणाऱ्या आपल्याकडच्या पोरांची मेस चालवायला अमरावतीच्या एका ठेकेदाराने आम्हाला नेलं होतं. मेस जनरलसाहेबांच्या छावणीतल्या भाड्याच्या इमारतीत. ठेकेदार एक दिवस गायबच झाला. गावाकडे वर्षामागून वर्ष कापूस दगा देत होता. परत जाऊन करू काय, हीच धास्ती. जनरलसाहेब आले, आमचं वरण चाखलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकले आणि म्हणाले, "हे दोघं माझ्या पलटणीसाठी रांधतील. तिखट सोडून." ते उपकार मी विसरणं शक्य नाही.

त्यांचं स्वतःचं मात्र सगळं उफराटंच. सोविएत काळात ते कर्नल. देश वेगळा झाला तेव्हा सोबती रशियाला गेले, हे नव्या झेंड्याची शपथ घेऊन राहिले. नव्या फौजेने त्यांना जनरल केलं आणि पलटणी मोडायच्या कामाला जुंपलं. एक मोडली की दुसरीकडे बदली. "लोक लढून जनरल होतात, मी कुलपं लावून झालो," असं ते चिडून म्हणायचे. ही एक पलटण तरी टिकवायची, एवढीच आस होती. राजधानीतून रसद येईना, शिपाई पोरं उपाशी, म्हणून बटाटे.

सलीमभाई चिडवायचे, "साहेब, तुमी जनरल आहा का माळी?" मी मोडक्या रशियनमध्ये भीतभीत तेच सांगायचो.

"सांग त्याला, माळ्याला कोणी बाग मोडायला पाठवत नाही."

सऱ्या फुलावर आल्या आणि पाहणीला मंत्रालयातले अधिकारी येणार म्हणून कळलं. पीक उपटा, मैदान सपाट करा, असं सगळ्यांनी सांगितलं. सलीमभाईसुद्धा म्हणाले, "साफ करून टाका, साहेब. मोठ्या लोकायले साफसफाईच दिसते."

"आणि हिवाळ्यात पोरांना काय वाढू? कवायत?"

पाहुणे आले. त्यातला एक तरुण अधिकारी हसला, "छावणी आहे की भाजीबाजार?" जनरलसाहेब म्हणाले, "मैदान काय बघता, पोरं बघा. एकही आजारी नाही." त्याने पोरांकडे मान वळवली नाही. थोड्याच दिवसांत पलटण मोडण्याचा हुकूम आला.

शिपायांना वेगवेगळ्या ठिकाणी न्यायला ट्रक आले. पीक सरकारी साठ्याच्या वहीत नाही, बटाट्याची पोती ट्रकवर चढणार नाहीत, असं बरोबरच्या अधिकाऱ्याने बजावलं. जनरलसाहेबांनी शेवटचा हुकूम दिला, "खिसे भरा." पोरांनी हातांनी माती उकरली. खिसे फुगवून, ओळीत, पाय जुळवून ती ट्रकमध्ये चढली. अशी सुंदर कवायत त्यांनी पूर्वी कधी केली नव्हती.

शिस्त राखली नाही, हा ठपका ठेवून जनरलसाहेबांना निवृत्त केलं. जाण्याआधी त्यांनी आम्हाला शहरातल्या एका कँटीनमध्ये लावून दिलं. मी अजून तिथेच रांधतो. समोर बसून कोणी शिस्तीवर बोलायला लागलं, की हातातला झारा आपटावासा वाटतो.