हळदीतून चालणारी फायरवॉल

मुलांनो, माझ्या डोळ्यांचे जुने रिपोर्ट तुम्ही परवा मागितलेत, म्हणून या गृहस्थांबद्दल लिहिते. आमच्या धर्मादाय दवाखान्याची फायरवॉल, म्हणजे संगणकांचा पहारेकरी, हे सांभाळतात. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालतात. पासवर्ड मात्र कारखान्यातून आला तोच ठेवला होता. शिवाय पनवेलला दवाखान्यापर्यंत यायला नको म्हणून तिचं सेटिंगचं पान इंटरनेटवर साऱ्या जगाला उघडं. ओवे गावात एका हळदीला ते पान मोबाइलवर पाहुण्यांना दाखवत होते.

"अहो, दुसऱ्या कोणी उघडलं तर?" मी विचारलं.

"मॅडम, मी हाय ना! कोन येतंय?"

महिन्याभरात कोणीतरी आलं आणि सगळ्या पेशंटांच्या नोंदी कुलूपबंद करून गेलं. त्या परत मिळाल्या नाहीत. यांचं कंत्राट अजून चालू आहे.