आईच्या हिरडीचा तुकडा

आई नारायणगुड्यातल्या एका शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त झाल्यावरही रविवारी सकाळी आमच्या घरी पाच-सहा मुलं यायची. घरात मराठी, शेजारी तेलुगू आणि रिक्षावाल्याशी दखनी उर्दू बोलणारी ही मुलं 'चांगलं'मधला च 'चार'मधल्या चसारखा म्हणत. आई तोंड उघडून जीभ दातांमागे टेकवून दाखवायची. "हा च दातांचा आहे. दातांना लागला पाहिजे." मुलं हसत, पण शेवटी बरोबर म्हणत.

त्याच दातांच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, हे तिनं बरेच महिने आम्हाला कळू दिलं नाही. मधुमेह जुना होता. ती भाकरी दुधात कुस्करून खायला लागली तेव्हा मी विचारलं. म्हणाली, "वय झालं आता." मी बळेच तोंड उघडायला लावलं. पुढचे दात बोटानंसुद्धा हलत होते.

मी विद्यानगरला एका प्रयोगशाळेत काम करते. दातांच्या शस्त्रक्रियेत हिरडीचे जे बारीक तुकडे कापून टाकतात, ते रुग्णाला विचारून आमच्याकडे पाठवले जातात. त्यांतल्या मूळ पेशी आम्ही वेगळ्या करतो, काचेच्या बशीत वाढवतो आणि दाताभोवतीचं झिजलेलं हाड त्यांच्यापासून पुन्हा धरतं का, ते पाहतो. बशीत धरतं. उंदराच्या जबड्यातही थोडंफार धरलं. माणसाच्या तोंडापर्यंत पोचायला अजून बरीच वर्षं लागतील.

हे सगळं मी आईला सांगितलं होतं. तिनं त्यातलं 'बशीत धरतं' तेवढंच धरून ठेवलं. गौलीगुड्याच्या मावशीला ती फोनवर म्हणाली, "आमची लेक दात उगवते."

"आई, दात नाही उगवत. असं सांगू नकोस लोकांना."

"आज नाही उगवत. उद्या उगवतील."

दातांच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी तिला तपासून सांगितलं, "अम्मा, ये दाँत अब नहीं रुकते. निकाल देंगे."

आई शांतपणे म्हणाली, "थोडा ठैरो डॉक्टरसाब. मेरी बेटी इसीच का काम कर रई."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर आल्यावर आईला पुन्हा सगळं समजावलं, माझ्या हयातीत झालं तरी खूप, असंही म्हणाले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी थांबते." आमच्या घरात तिच्या 'थांबते'पुढं कोणाचं काही चालत नसे.

उन्हाळ्यात एका दुपारी तिचा गाल सुजला. संध्याकाळी ताप चढला. साखर इतकी वाढली की दवाखान्यात ठेवावं लागलं. हिरडीतला पू जबड्यात उतरला होता. ताप उतरल्यावर पुढचे सगळे दात काढले, सडलेली हिरडी साफ केली. त्याआधी मॅडमनी तिला विचारलं होतं, चांगल्या हिरडीचा तुकडा प्रयोगशाळेला देऊ का. "द्या," आई म्हणाली, "तिथं माझीच मुलगी आहे."

आमच्याकडे तुकड्यांवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. त्या दिवशी दोन तुकडे आले. घरी आल्यावर आईनं तोंडावर पदर धरून विचारलं, "माझा कुठला?"

"ते आम्हाला कळत नाही. कळू देतही नाहीत."

पदर तसाच धरून ती म्हणाली, "मग दोन्ही नीट सांभाळ."

मी सांभाळले. रोज सकाळी आधी त्याच बशा बघायची. एका बशीत तुकड्याच्या कडेनं पेशी हळूहळू पसरायला लागल्या, लांबट, एकमेकींना बिलगून. दुसरीतलं पेशींना पोसणारं गुलाबी पाणी एका सोमवारी गढूळ दिसलं. बुरशी धरली होती. तोंडातल्या तुकड्यांचं असं पुष्कळदा होतं. नियमाप्रमाणे मी ती बशी जंतुनाशकात बुडवून टाकून दिली, हात धुतले आणि जिन्यात जाऊन बसले.

संध्याकाळी आईनं विचारलं. मी खरं तेच सांगितलं.

"गेला तो माझा असणार," ती म्हणाली.

"असं कशावरून?"

"इतकी वर्षं साखर आहे अंगात. कशाला वाढतोय?" ती उठून आत गेली. त्यानंतर तिनं प्रयोगशाळेचं पुन्हा कधी विचारलं नाही.

कवळी बसवली. ती लावून बोलताना तिचा स शीळ घालतो आणि च कुठेच लागत नाही. पहिल्याच रविवारी एका मुलीला हसू फुटलं. बिचारीनं लगेच तोंड दाबलं. आईनं धडा पुरा केला, मुलांना लाडू दिले आणि पुढच्या रविवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं.

आता ती फार बोलत नाही. जुन्या विद्यार्थ्यांचे फोन येतात, तेव्हा हातानंच खूण करून फोन माझ्याकडे देते. मी म्हणते, बाई बऱ्या आहेत, झोपल्या आहेत. ती समोरच बसलेली असते.