चांदीच्या डॉलरांच्या पारखी सुमित्राताई

सुमित्राताई जगदाळे यांची आणि माझी पहिली भेट गोड झाली नाही, हे आरंभीच सांगून टाकते. रियाधच्या एका रुग्णालयाच्या रक्ततपासणी विभागात मी नव्यानेच रुजू झाले होते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी माझा एक अहवाल ताईंनी परत माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"शंभर पेशी मोजल्यास, की साठ मोजून पुढचा अंदाज केलास?" त्यांनी विचारले.

मी साठच मोजल्या होत्या.

"काच परत सूक्ष्मदर्शकाखाली लाव. मी थांबते," एवढेच त्या म्हणाल्या आणि खरोखरच शेजारचे स्टूल ओढून बसल्या. मला घेण्यासाठी आलेली वसतिगृहाची बस निघून गेली. माझी मोजणी पूर्ण झाल्यावर ताईंच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या भाऊजींनी, मला गाडीतून सोडले. वाटेत ताईंनी विचारले, "गुरुवारी सुट्टी आहे ना? जेवायला ये. एकटी काय करणार तिथे?"

रियाधच्या अल मलाझ भागातल्या त्यांच्या घरी त्या गुरुवारी मी प्रथमच त्यांचा संग्रह पाहिला. जेवणाच्या टेबलावर मऊ कापड अंथरलेले, वर टेबलदिवा, आणि कागदाच्या छोट्या चौकोनी पाकिटांत ठेवलेले अमेरिकेचे जुने चांदीचे डॉलर. आमच्या विभागाचे पूर्वीचे प्रमुख अमेरिकन होते. निवृत्त होऊन मायदेशी परतताना त्यांनी ताईंना एक डॉलर भेट दिला आणि नाण्याची प्रत कशी ठरवायची हेही शिकवले. तेल कंपन्यांतली अमेरिकन कुटुंबे परत जाताना घरातले सामान विकत, त्यात कधी अशी नाणी निघत. ताई ती वर्षानुवर्षे एकेक करून जमवत गेल्या.

नाण्याची प्रत, म्हणजे दर्जा, एक ते सत्तर अशा आकड्यांत सांगतात; सत्तर सर्वांत उत्तम. ताई नाणे नेहमी कडेने धरत, दिव्याखाली हळूहळू फिरवत. स्वातंत्र्यदेवीच्या कानावरचे केस झिजले आहेत का, मागच्या गरुडाच्या छातीवरची पिसे उरली आहेत का, गालावर टांकसाळीच्या पोत्यातल्या दुसऱ्या नाण्यांचे ओरखडे किती, हे पाहत. न वापरलेले नाणे फिरवले की त्यावरून उजेडाची एक पट्टी गोल फिरते. "ही पट्टी टांकसाळीतून येते. आपल्याला ती परत घालता येत नाही," असे त्या सांगत.

हे मी ऐकले होते, पण समजले नव्हते. म्हणूनच माझ्या हातून तो अपराध घडला. त्या प्रमुखांनी दिलेला डॉलर कडेने निळसर-काळा पडला होता. ताई स्वयंपाकघरात होत्या. त्यांना खूश करावे म्हणून मी तो बेसिनपाशी नेला आणि टूथपेस्ट लावून लख्ख घासला. त्या बाहेर आल्यावर मी हौसेने तो पुढे केला. ताईंनी तो खिडकीपाशी नेऊन तिरका धरला, फिरवला, पुन्हा फिरवला. उजेडाची पट्टी आता फिरत नव्हती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेले मी पाहिले आणि काय केले ते मला तेव्हा कळले.

"तो काळसरपणा मळ नव्हता गं, चांदीवर वर्षानुवर्षं मुरलेला रंग होता," त्या हळूच म्हणाल्या. मग नाणे पाकिटात ठेवत म्हणाल्या, "पुन्हा कुणाच्या नाण्याला असं करू नकोस. चल, आमटी निवतेय."

पाकिटावरचा 'चौसष्ट' हा आकडा खोडून त्यांनी स्वतःच्या अक्षरात 'घासलेलं' असे लिहिले. पुढे पाहुण्यांपैकी कुणी विचारले, की त्या "आमच्याच घरात झालं" असे सांगत. माझे नाव त्यांनी कधी घेतले नाही. आज मीच ते घेते आहे.

ताईंच्या शब्दाला संग्राहकांत किती वजन होते आणि तो राखताना त्यांना काय सोसावे लागले, हे मी हनीफभाईंच्या प्रसंगात पाहिले. हनीफभाई मूळचे रत्नागिरीकडचे. कुवेतच्या सीमेजवळच्या अल खफजीला त्यांचे घड्याळांचे दुकान होते; गिऱ्हाइकांकडून आलेली जुनी नाणी ते एका बिस्किटाच्या डब्यात टाकून ठेवत. ताईंना ते बहीण मानत. रियाधला आले की सुके बोंबील आणल्याशिवाय राहत नसत. मुलीचे लग्न ठरले तेव्हा त्यांनी साठवलेल्या पैशांतून एका परत जाणाऱ्या माणसाकडून एक डॉलर घेतला. १८९३ सालचा, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचा. मागे माळेच्या गाठीखाली बारीक 'एस' हे अक्षर. हा डॉलर अतिशय दुर्मिळ. खफजीतला एक अमेरिकन अभियंता तो चांगल्या किमतीला घ्यायला तयार होता. त्याची एकच अट होती : सुमित्राताईंनी तो खरा असल्याचे लिहून द्यावे.

ताईंनी नाणे पाहिले आणि ते एक दिवस आपल्याकडे ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांची परवानगी घेऊन त्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि मलाही बघायला सांगितले. 'एस'च्या पायाशी एक केसाएवढी रेघ दिसत होती. डॉलर खरा होता, चांदी खरी होती. अक्षर मात्र तो दुर्मिळ भासावा म्हणून मागाहून चिकटवलेले होते.

संध्याकाळी हनीफभाई घरी आले. ताईंनी त्यांना सगळे समजावून सांगितले.

"ताई, तुम्ही नुसतं 'बरोबर आहे' म्हणा," हनीफभाई म्हणाले. "कुणाला दिसणार आहे ती रेघ?"

"मला दिसली ना, हनीफभाई."

"माझ्या लेकीचं लग्न मोडेल."

"त्या साहेबाने उद्या हे तिकडे अमेरिकेत दाखवलं तर? तो तुम्हाला लबाड म्हणेल. तुम्हीही फसला आहात, हे त्याला कोण सांगणार?"

हनीफभाईंनी नाणे उचलले. "खलास," एवढेच म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. ताईंनी केलेले फोनही त्यांनी उचलले नाहीत. ओळखीतल्या काहींनी ताईंना बोल लावला, की एका सहीने काय बिघडले असते?  त्या दिवसांत ताईंनी संग्रहाचे कपाट उघडलेही नाही.

दोन महिन्यांनी एका गुरुवारी पहाटेच्या अजाननंतर त्या भाऊजींना म्हणाल्या, "खफजीला जायचं." सहा-सात तासांचा रस्ता. मीही सोबत होते. दार हनीफभाईंच्या बायकोने, जुबेदाभाभींनी उघडले. त्यांनी क्षणभर पाहिले आणि ताईंना मिठीच मारली. हनीफभाई आत मान खाली घालून बसले होते.

"चहा प्यायला आले," ताई म्हणाल्या. "तेव्हाचा राहिलाय. आणि तुमचा तो नाण्यांचा बिस्किटाचा डबा आणा बरं. कधी नीट पाहिलाच नाही मी."

जमिनीवर चादर पसरून ताईंनी दोन दिवस तो डबा पाहिला. प्रत्येक नाण्याचे पाकीट केले, त्यावर प्रत लिहिली. झिजलेल्याला झिजलेले आणि घासलेल्याला घासलेले म्हटले. बरीचशी साधीच होती. पण अकरा-बारा डॉलर उत्तम निघाले. हनीफभाई ती पाकिटे आणि तो चिकटवलेल्या अक्षराचा डॉलर घेऊन स्वतः अभियंत्याकडे गेले आणि त्याला खरे काय ते सांगितले. अभियंत्याने ती उत्तम नाणी विकत घेतली, पण पाकिटांवरची प्रत पुन्हा तपासली नाही. म्हणाला, "ज्या बाईंनी स्वतःच्या माणसाला नाही म्हटलं, त्यांचं मी काय तपासू?"

बुडालेले सगळे पैसे परत आले नाहीत. दागिने कमी झाले, लग्न चार महिने पुढे गेले. पण झाले. निकाहाला ताई रत्नागिरीला गेल्या होत्या आणि वधूची मावशी म्हणून मिरवल्या.

माझ्यावरच्या त्यांच्या उपकारांपैकी एकच सांगते. माझ्या वडिलांची तातडीची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा माझा पासपोर्ट देश सोडण्याच्या परवानगीच्या शिक्क्यासाठी कार्यालयात अडकला होता. कारकून रोज "बुकरा, बुकरा" म्हणत उद्यावर ढकलत होता. ताई रजा टाकून सकाळीच त्याच्यासमोर जाऊन बसल्या. "बुकरा नाही, आज," असे दर तासाला शांतपणे म्हणत राहिल्या. दुपारच्या नमाजानंतर शिक्का मिळाला. शस्त्रक्रियेच्या खोलीत नेण्याआधी वडिलांना मी दिसले, ते ताईंमुळे.

ताई आता साठ वर्षांच्या होत आहेत आणि निवृत्त होऊन साताऱ्याला परतत आहेत. आम्हा रियाधकर मित्रमंडळींना त्यांचा अभिमान वाटतो, आणि खरे सांगायचे तर रागही येतो. कारण आता दर गुरुवारी जेवायला जायचे कुठे, हे त्यांनी कुणालाच सांगितलेले नाही. त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो, गुडघे कुरकुर न करोत, भाऊजींची सोबत त्यांना दीर्घकाळ लाभो. ताई, तुमच्या पंचाहत्तरीचा लेखही मीच लिहिणार आहे, आणि तो तुम्हाला समोर बसवून वाचून दाखवणार आहे. तोवर ठणठणीत राहायचे. या बाबतीत मात्र तुमचे 'नाही' आम्ही ऐकणार नाही.